आत्यांचा दिवा आणि पौष शुद्ध अष्टमी

सातारा जिल्ह्यातील एका वाचकांचे चार पानी पत्र या वेळी उत्तरासाठी घेतले आहे. जागेअभावी त्यातील मुख्य मजकूरच येथे देतो.

‘मी एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे. वय 41. गेली पंधरा वर्षे मराठ्यांचा इतिहास वाचतो आहे, त्यासाठी मोडीही शिकलो. आमच्या घरी संक्रांतीच्या संध्याकाळी हळदीकुंकू आटोपले की माझ्या आत्या (वय 79, माहेरीच राहिलेल्या) माजघरातल्या कोनाड्यात तुपाचे निरांजन लावतात आणि त्याच्याजवळ पानावर एक गूळपोळी ठेवतात. “पानपतावर गेलेल्या आजोबांसाठी,” असे त्या म्हणतात. यंदा घरात पंधरा-वीस माणसे जमलेली असताना मी सर्वांसमोर सांगितले की पानिपतच्या लढाईच्या दिवशी, 14 जानेवारी 1761 रोजी, बुधवार होता, तिथी पौष शुद्ध अष्टमी होती आणि त्या वर्षीची संक्रांत चार दिवस आधीच होऊन गेली होती. शिवाय आमच्या घरातला सर्वांत जुना कागद म्हणजे शके 1718 चे वाटणीपत्र, त्यात पानिपतावर कोणी गेल्याचा उल्लेख नाही. आत्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी पोळी उचलून आत नेली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पत्नीला सांगितले, “पुढच्या वर्षापासून दिवा नको.” तेव्हापासून त्या माझ्याशी कामापुरतेच बोलतात. पत्नी म्हणते, तुम्हाला सगळे माहीत असते, कळत मात्र काही नाही. मी खोटे काय बोललो? पानिपतावर मराठ्यांचे सेनापती असलेल्या सदाशिवरावभाऊंच्या अकरा चुकांची यादी मी साधनांसह देऊ शकतो, पण गावाकडच्या जमिनीचे काय करायचे हे दोन वर्षांत भावांना सांगू शकलो नाही. इतिहासाने शहाणपण येते असे ऐकत आलो. मग मला ते का आले नाही? वाचन बंद करावे का?’

वाचन बंद करू नका. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढची कानउघाडणी तुम्ही शांतपणे वाचाल.

प्रथम तुमच्या हिशेबाविषयी. तो बरोबर आहे. संक्रांत ठरते ती सूर्य निरयन (म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या) मकर राशीत प्रवेश करतो त्या क्षणावरून, आणि ते नाक्षत्र वर्ष आपल्या भिंतीवरच्या इंग्रजी वर्षापेक्षा वीसएक मिनिटांनी मोठे असल्याने संक्रांत सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि त्यांची जन्मतारीख 12 जानेवारी 1863 आहे, एवढे एक उदाहरण पुरेसे आहे. त्याच्याही शंभर वर्षे मागे गेले तर 1761 ची संक्रांत 10 जानेवारीच्या आसपास येते. म्हणजे ‘पानिपतावर संक्रांत कोसळली’ हे वाक्य भाषणाला कितीही शोभत असले तरी पंचांगाला मान्य होणारे नाही. हे ठाऊक असलेली माणसे थोडी आहेत आणि तुम्ही त्यांतले एक आहात, याचा आनंद तुम्हाला व्हावा हे मी समजू शकतो. तो आनंद त्या संध्याकाळी तुमच्या आवाजात उतरला असणार, आणि आत्यांनी बहुधा तारखेपेक्षा तो आवाज ऐकला.

पण या हिशेबाचे आणखी एक टोक आहे, आणि ते तुमच्या हातून निसटले. संक्रांत 14 जानेवारीवर येऊन स्थिरावल्यासारखी झाली ती विसाव्या शतकात. तेव्हा लढाईची इंग्रजी तारीख आणि सणाची इंग्रजी तारीख एकच, हा योग तुमच्या पणजोबांच्या किंवा आजोबांच्या पिढीच्या आधी कोणाला दिसणे शक्यच नव्हते. मग हा दिवा कधीचा आहे? शाळेत जाऊन ‘14 जानेवारी’ शिकून आलेल्या एखाद्या मुलाच्या सांगण्यावरून तो शंभरएक वर्षांपूर्वी सुरू झाला असेल का? की तो मुळात तारखेचा नव्हताच, आणि लढाईनंतर घरात जो पहिला मोठा सण आला त्या सणाला, माणूस कमी असलेल्या पंगतीत, कोणी तरी एक पान जास्त वाढले आणि ते वाढतच राहिले? पानिपतची बातमी गावोगाव पोहोचायला आठवडे आणि महिने लागले. कोण मेले, कोण जखमी होऊन जाटांच्या मुलखात पडले आहे, कोण गुलाम म्हणून विकले गेले, हे कित्येक घरांना कधीच कळले नाही. ज्या मरणाची तिथीच माहीत नाही त्या मरणाचे श्राद्ध घालायचे तरी कोणत्या दिवशी? अशी आठवण घराला सापडेल त्या खुंटीवर टांगून ठेवावी लागते. या दोन शक्यतांतली खरी कोणती हे मला माहीत नाही. ते शोधण्याचा एकच मार्ग होता, आत्यांना विचारण्याचा, आणि तो तुम्ही चारचौघांत बंद करून टाकलात.

आता वाटणीपत्राकडे वळू. तुम्ही हिशेबनीस आहात, तेव्हा कोणता कागद कशासाठी केला जातो हे तुम्हाला मी सांगावे असे नाही. वाटणीपत्रात नावे येतात ती ज्यांचा जमिनीवर हक्क निघतो त्यांची. शके 1718 म्हणजे 1796-97. पस्तीस वर्षांपूर्वी, कदाचित विसाव्या-बाविसाव्या वर्षी, निपुत्रिक मेलेल्या चुलत्याचे नाव त्या कागदात कशाला येईल? ते आले असते तरच नवल होते. तुमच्या पतसंस्थेच्या कर्जखात्यात ज्याचे नाव नाही तो माणूस जन्मालाच आला नाही, असा निष्कर्ष तुम्ही काढाल का? उल्लेख नसणे हा पुरावा केव्हा ठरतो आणि केव्हा ठरत नाही, हा इतिहासाच्या अभ्यासातला अगदी पहिल्या इयत्तेचा धडा आहे. सभेत बोलताना तो विसरण्याची सवय मात्र भल्याभल्यांना असते.

पानिपतच्या बाबतीत तर हा धडा त्या काळच्या एका पत्रातच लिहून ठेवलेला आहे. दक्षिणेतून निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना जानेवारी 1761 च्या अखेरीस भेलशाजवळ एका सावकारी पत्रातून पराभवाची खबर मिळाली. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, अशा आशयाचा तो मजकूर तुम्ही शंभर वेळा वाचला असेल. दोन मोती म्हणजे भाऊसाहेब आणि नानासाहेबांचे पुत्र विश्वासराव. मोहरा म्हणजे नामांकित सरदार, आणि खुर्दा म्हणजे सामान्य शिपाई व इतर माणसे. मोती मोजले गेले, मोहरा मोजल्या गेल्या आणि खुर्द्याचा हिशेब लिहिणाऱ्याने सोडून दिला. त्यानंतर इतकी साधने छापली गेली तरी तो हिशेब पुरा लागलेला नाही आणि लागण्याचा संभवही नाही, कारण तो कागदावर कधी आलाच नव्हता. तुमचे ते थोरले आजोबा खरोखरच पानिपतावर गेले असतील तर ते या खुर्द्यात होते. खुर्द्याची नोंद दफ्तरात सापडत नाही म्हणून ती कोनाड्यातही असू नये, हा न्याय काही बरोबर नव्हे.

माझ्या स्वतःच्या मूर्खपणाची एक हकिकत येथे सांगतो. मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात इतिहास शिकवत असे. नवीन नोकरी होती, अंगात विद्येची रग होती. शेजारच्या खेड्यातील एका वृद्ध शेतकऱ्याने घरी बोलावून शिवकालातली म्हणून एक तलवार दाखवली. पात्यावर मुठीजवळ रोमन अक्षरे कोरलेली होती. मी ती बोटाने दाखवून म्हणालो, ‘आजोबा, ही तर इंग्रजांच्या वेळची दिसते.’ त्यांनी काही न बोलता तलवार पुन्हा खारव्याच्या फडक्यात गुंडाळली, चहा दिला आणि मला एस.टी.पर्यंत पोहोचवले. पुढे काही वर्षांनी दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे युरोपात घडवलेली पाती सतराव्या शतकातच आपल्याकडे येत असत, त्यांना देशी मुठी बसवत आणि अशा तलवारीला फिरंगच म्हणत; त्यामुळे त्या अक्षरांवरून माझा निष्कर्ष निघतच नव्हता. दुसरी अशी की त्या तलवारीबरोबर एक कागदांचे दप्तर होते, ते म्हाताऱ्यांनी मला चहानंतर दाखवायचे ठरवले होते. ते वारल्यावर मुलांनी घर बांधले तेव्हा त्या दप्तराचे काय झाले, हे विचारण्याचे धाडस मी केले नाही. माझे ज्ञान अपुरे होते हे क्षम्य आहे, ज्ञान सर्वांचेच अपुरे असते. मात्र समोरच्या माणसाचे बोलणे पुरे होण्याच्या आधी मी निकाल दिला, आणि निकाल दिल्यावर साक्षीदार पुन्हा तोंड उघडत नाही.

तुमच्या त्या अकरा चुकांच्या यादीकडे येतो, कारण माझ्या मते तुमच्या दुखण्याचे मूळ तेथे आहे. यादी मी पाहिलेली नसली तरी तीत काय असेल ते सांगू शकतो: बायकामुले आणि यात्रेकरू बरोबर घेतले, सूरजमल जाटाचे ऐकले नाही, मल्हाररावांचा गनिमी काव्याचा सल्ला धुडकावला, गारद्यांच्या (कवायती पायदळाच्या) तोफांवर भिस्त ठेवली, उत्तरेत मित्र राखले नाहीत, दिल्ली घेतल्यावर वेळ घालवला, आणि अशीच पुढे. यांतील बऱ्याच गोष्टी खऱ्या आहेत. पण या सर्व चुका आपल्याला दिसतात त्या 14 जानेवारीच्या संध्याकाळी उभे राहून मागे पाहिल्यामुळे. आपण त्या टेकडीवर चढलो ते आपल्या बुद्धीच्या बळावर, असे आपल्याला वाटते. वास्तविक अडीचशेहून अधिक वर्षांनी आपल्याला तेथे उचलून ठेवलेले असते.

एकच प्रसंग जवळून पाहा. ऑक्टोबर 1760 मध्ये भाऊंनी दिल्लीच्या उत्तरेला, कर्नाळजवळ, कुंजपुरा जिंकला. धान्य मिळाले, रोकड मिळाली, अब्दालीच्या बाजूशी लढताना पडलेल्या दत्ताजी शिंद्यांच्या मरणाचा वचपा निघाला. अफगाण बादशहा अहमदशहा अब्दाली यमुनेच्या पलीकडच्या तीरावर होता आणि नदीला इतके पाणी होते की आपले ठाणे डोळ्यांदेखत जात असताना त्याला मदत पाठवता आली नाही. फौजेबरोबर यात्रेकरू होते, कुरुक्षेत्र जवळ होते, भाऊ तिकडे निघाले. त्या दिवशी, त्या छावणीत, तुम्ही भाऊंच्या मसलतीला बसला असता तर काय सांगितले असते? नदी भरलेली, शत्रू पलीकडे, धान्य हाती, सैन्याची उमेद वाढलेली. मला वाटते, पुढे जावे असेच तुम्ही म्हणाला असता आणि मीही म्हणालो असतो. मग महिनाअखेरीस अब्दालीने बागपताजवळ उतार शोधला, वाहून जाणाऱ्या माणसांची पर्वा न करता फौज पाण्यात घातली आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मध्ये येऊन उभा राहिला. दक्षिणेची वाट बंद झाली. एका नदीचे पाणी किती वेगाने उतरेल आणि एक माणूस त्यात किती लवकर घोडा घालील, या दोन गोष्टींवर सगळे फिरले. यांतली पहिली गोष्ट कोणाच्याही बुद्धीच्या आवाक्यातली नव्हती. दुसरीचा अंदाज करता आला असता, आणि उतारावर पुरेसा पहारा ठेवला नाही हा दोष भाऊंच्या पदरी टाकावाच लागतो. तो जरूर टाका. फक्त टाकताना आपण तेव्हा त्या मसलतीत नव्हतो, एवढे स्मरणात असू द्या.

नानासाहेबांचेही तसेच. डिसेंबर 1760 च्या अखेरीस, भाऊ पानिपतावर वेढल्यासारखे झालेले असताना, त्यांनी पैठणला दुसरे लग्न केले, हे वाचून आपण कपाळाला हात लावतो. अंतर शेकडो कोसांचे, पत्रे वाटेत अडवली जात होती, आणि आलेले पत्र आले तेव्हाच शिळे झालेले असे. त्या लग्नाचे समर्थन मी करणार नाही. पण आपल्याला त्या मांडवावर जी काळी सावली दिसते ती मांडवातील माणसांना दिसत नव्हती. पुढे 23 जून 1761 रोजी पर्वतीवर त्यांचा अंत झाला तो त्या दोन मोत्यांच्या दुःखाने, हे कोणत्याही चुकांच्या यादीत बसत नाही.

यावर मी स्वतः एक उपाय करतो, तो तुम्हीही करून पाहा. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड छापला आणि बखरी व लढाई प्रत्यक्ष पाहिलेल्या काशीराजाची हकिकत यांवर विसंबून सांगितल्या जाणाऱ्या पानिपतला प्रत्यक्ष त्या काळच्या पत्रांचा आधार मिळाला. ती पत्रे तारीखवार लावून वाचा आणि एका तारखेला थांबा. समजा, कुंजपुरा घेतल्याचा दिवस. पुस्तक मिटा आणि त्या क्षणी छावणीला जेवढे माहीत होते तेवढ्यावर आपला निर्णय कागदावर लिहून ठेवा. पुढचे आपल्याला ठाऊक नाही, असे ठरवून लिहायचे. हे फार अवघड आहे, पाच-सहा प्रयत्नांपर्यंत माणूस स्वतःशीच लबाडी करतो. पण एकदा जमले की भाऊंच्या चुका अकरावरून तीन-चारांवर येतात आणि आपल्या स्वतःच्या चुका मोजायला बोटे मोकळी होतात.

आपल्या भाषेने बुद्धी आणि शहाणपण यांत केलेला भेद बघण्यासारखा आहे. बुद्धीला मराठीत कोणी सहसा हसत नाही, शहाण्याला मात्र हसतात: दीडशहाणा, अतिशहाणा, शहाणा कुठला. समर्थांनी दासबोधात मूर्खांची लक्षणे सांगून झाल्यावर पढतमूर्खाला निराळा समास दिला, म्हणजे वाचलेल्या मूर्खाचा वर्ग तेव्हाही भरपूर मोठा असला पाहिजे. पेशवाईतील साडेतीन शहाण्यांची गोष्ट तर तुम्हाला पाठ असेलच. सखारामबापू, देवाजीपंत आणि विठ्ठल सुंदर हे पूर्ण शहाणे; नाना फडणीस तलवारीचे नव्हेत म्हणून अर्धे. विठ्ठल सुंदर 1763 मध्ये राक्षसभुवनच्या रणात पडले. सखारामबापूंना पुढे नानांनीच कैदेत घातले आणि त्यांचा शेवट रायगडावर झाला. पूर्ण शहाण्यांपैकी दोघांची ही गत आणि अर्धा मात्र टिकला. हा अर्धा शहाणा अठरा वर्षांचा असताना पानिपतावर होता. बरोबर आई होती. त्या पळापळीत ती कायमची गेली. स्वतः नाना उपाशीतापाशी, जीव मुठीत धरून परत आले आणि त्यांनी आपल्या आत्मवृत्तात ते सारे लिहून ठेवले. त्यांच्या पुढच्या सावधपणाचा उगम केवळ तल्लख बुद्धीत शोधणे मला पटत नाही.

पुरावा दिला म्हणजे प्रश्न मिटतो, हा हिशेबी माणसांचा आवडता समज आहे. त्यासाठी तोतयाचे प्रकरण आठवा. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई पानिपतहून जिवंत परतल्या आणि पती मेला हे त्यांनी अखेरपर्यंत मान्य केले नाही. कुंकू पुसले नाही. पुढे भाऊ म्हणवणारा एक इसम निघाला. पेशव्यांच्या दरबाराने चौकशी केली, तो तोतया ठरला, कैदेत पडला. प्रकरण तेथे संपायला हवे होते. पण 1776 मध्ये रत्नागिरीहून तो सुटला आणि कोकणात हजारो माणसे त्याच्यामागे उभी राहिली, किल्ले त्याच्या हाती गेले. अखेर तो पकडला जाऊन पुण्यात देहान्त पावला. पंधरा वर्षांनंतर, निवाडा होऊन गेलेला असताना, इतकी माणसे भोळी कशी निघाली? काही स्वार्थाने गेली असतील, आणि पुण्याच्या कारभाऱ्यांवर रुष्ट असलेले तर नक्कीच गेले. पण बाकीच्यांच्या घरी माणूस परत आला नव्हता, त्याचे प्रेतही कोणी पाहिले नव्हते. भाऊ परत येऊ शकतात तर आपलाही येऊ शकेल, एवढाच त्यांचा तर्क असावा. त्या तर्काला निवाड्याचा कागद पुरा पडला नाही.

तुमच्या आत्यांची गोष्ट यापेक्षा पुष्कळ सौम्य आहे. त्या कोणाला भाऊ मानून किल्ले देत नाहीत. वर्षातून एकदा तूप आणि वात खर्च होते, आणि पोळी बहुधा दुसऱ्या दिवशी गाईला जात असेल.

जमिनीच्या प्रश्नाविषयी थोडक्यात सांगतो, कारण तो तुम्हाला वाटतो तेवढा निराळा नाही. दोन्ही बाजूंचे मुद्दे तुम्हाला दिसतात, म्हणून निर्णय होत नाही, असे तुम्ही लिहिता. मुद्दे दिसणे हे बुद्धीचे काम, आणि ते ती करून चुकली आहे. तिला आणखी राबवून उपयोग नाही. पानिपतच्या छावणीत दोन-अडीच महिने मसलती चालल्या होत्या, तहाची बोलणी चालली होती, आणि शेवटी निर्णय घेतला तो रिकाम्या कोठारांनी. दोन दिवस पोटात अन्न नाही, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू द्या, असे लोकांनी भाऊंना येऊन सांगितल्याचे काशीराज लिहितो. आपण ठरवले नाही म्हणजे ठरायचे थांबत नाही. भावांना एक तारीख द्या, त्या तारखेला एकत्र बसा आणि ज्याच्या वाट्याला कमी सुख आले आहे त्याच्या बाजूने थोडे झुकून ठरवा. पुढे ते चुकीचे निघाले तर निघाले.

आता आत्यांकडे कसे जावे ते. ‘माझे तारखेचे म्हणणे चुकले’ असे म्हणू नका. ते खोटे होईल आणि 79 वर्षांच्या बाईला खोटी माफी लगेच ओळखू येते. चुकली ती जागा आणि चुकला तो सूर, एवढेच कबूल करा, आणि तेही घरात दोघेच असताना. लगेच प्रश्न विचारू नका. दोन दिवस जाऊ द्या. मग त्या शेंगा सोलत किंवा वाती वळत बसल्या असताना जवळ जाऊन बसा, हातात वही किंवा मोबाईल नको, आणि विचारा की त्यांच्या आधी दिवा कोण लावत असे. त्यांची आई? आजी? ती सासरहून ही चाल घेऊन आली, की याच घरात शिकली? पोळी एकच का ठेवतात? कोनाडा तोच का? उत्तर विसंगत आले तरी दुरुस्त करू नका. संक्रांत की अष्टमी, हा विषय तुमच्या तोंडून तर निघताच कामा नये. एका बैठकीत काही मिळाले नाही तर न मिळू द्या. रात्री आठवेल तेवढे लिहून ठेवा, त्यांच्याच शब्दांत, आणि त्याला पुढच्या वाचनासाठी एक साधन समजा. बखरीला लावता तेवढी कसोटी त्याला जरूर लावा, पण तुमच्या वहीत. येत्या संक्रांतीला त्यांनी दिवा लावला नाही तर तुम्ही लावा. लावताना स्पष्टीकरण देऊ नका, आणि पोळी पत्नीला करायला न सांगता त्यांनाच मागा.

एक गोष्ट मात्र मी पत्र तीनदा वाचून पाहिली तरी सापडली नाही. वार आहे, तिथी आहे, शक आहे, वाटणीपत्रातल्या चार भावांची नावे आहेत, त्यांच्या शेताच्या चतुःसीमा आहेत. ज्यांच्यासाठी दिवा लागतो त्या आजोबांचे नाव काय, हे तुम्ही कोठेच लिहिलेले नाही. आत्यांना ते ठाऊक असेल.